मंगळाचा बांध

पिंपळगाव रेणुकाई,
सोमवार

सोनूबाई वन्सं यांना चतुराबाईचा वाकून नमस्कार.

वाकले ते वाकले, पण वाकल्या वाकल्याच विचारते, की मी तुमच्या भावाला मंगळावरून बाहेर ढकललं आणि त्यांची जागा बळकावून महिनाभर फुकटचा आराम केला, हे तुम्हाला सांगितलं कुणी? कारण मंठ्याच्या बाजारात तुम्ही बांगडीवालीपासून कंगवेवाल्यापर्यंत सगळ्यांना हेच सांगून राह्यल्या. कचरू मिरचीची गाडी घेऊन तिकडं येतो, त्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं. वरून म्हणल्या, की माझ्या पुंजाभाऊला त्या बाईनं असा धसका दिला की तो आठ दिवस तापानं फणफणला. त्या बाईनं. वन्सं, मी तुमची भावजय आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून दर नागपंचमीला तुमच्यासाठी पुरणाची दिंडं मी उकडून राह्यले (दरवर्षी तुम्ही म्हणता आईच्या हातची चव न्हाई, आणि दरवर्षी डबा भरून नेता). मी 'ती बाई' कधीपासून झाले? पुंजारामाला, तुमच्या त्या लाडक्या चुलतभावाला, ताप आला तो धसक्यानं न्हाई, भर उन्हात दगड उचलल्यानं आला. ते दगड कोणते, कुणाचे आणि त्यानं काहून उचलले, हे आता पहिल्यापासून सांगते. मधात बोलू नका.

तुमच्या पायाचं दुखणं कसं आहे? आम्ही सगळे बरे. तुमच्या आई दोन टाइम जेवतात, माझ्या भाकरीला नावं ठेवतात, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. म्हैस व्याली, वगार झाली. पाऊस बेताचा, पण पेरणी उरकली. तुमचे भाऊ बरे आहेत, म्हणजे जसे असतात तसे. आता पत्र काहून, फोन काहून न्हाई, असं तुम्हाला वाटेल. फोन उचलल्याबराबर तुम्ही बोलायला लागता, मंग मी बोलते, मंग दोघी एकदम बोलतो, आणि शेवटी काय ठरलं ते तुमच्या भावाला विचारावं तर ते झोपलेले असतात. मंगळावर मला एक गोष्ट कळली, की समोरच्याला मधात तोंड घालता येत न्हाई अशी सोय असली, तर माणूस लई सुंदर बोलतं. म्हणून पत्र. अक्षर माझंच आहे, चौथीपर्यंतचं आहे. लागत नसेल तर भाच्याकडून वाचून घ्या, पण मोठ्यानं न्हाई.

तर ऐका. आपल्या वरच्या बरडावर, जिथं कुसळाशिवाय काही उगवत न्हाई, तिथं पुण्याच्या एका संस्थेनं मंगळ केला. त्यांना लाल मुरूम, दगडगोटे आणि एकही झाड नसलेली जागा पाहिजे होती, आणि तशी जागा तुमच्या वडलांनी आमच्यासाठी भरपूर ठेवलेली. तिथं त्यांनी घुमटाचं पांढरं घर उभं केलं, गाव त्याला अंडं म्हणतं. त्यात सहा माणसांनी दार लावून महिनाभर राहायचं, खरंच मंगळावर गेल्यासारखं, आणि ती एकमेकांच्या उरावर बसतात का ते संस्थेनं पाहायचं. पाच माणसं त्यांची, शिकलेली. शिकलेली माणसं बंद घरात कशी भांडतात ते त्यांना माहीत झालं होतं, गावातलं एक माणूस त्यात घातल्यावर काय होतं ते पाहायचं राह्यलं होतं. जमीन आपली, म्हणून नाव तुमच्या भावाचं लागलं. राखीव म्हणून माझं. तपासण्या दोघांच्या झाल्या, रक्त दोघांचं काढलं (चक्कर त्यांना आली, मला न्हाई).

दार लागायच्या दिवशी मांडव होता, हार होते, बँड होता, सरपंचाचं भाषण होतं. तुमचे भाऊ टोपी घालून तयार. मी त्यांची गादी लावून द्यायला आत गेले, कारण त्यांना भिंतीकडं डोकं केल्याशिवाय झोप लागत न्हाई हे पुण्याच्या लोकांना काय माहीत. आणि नेमकी दार लागायच्या वक्ताला त्यांना आठवलं की विहिरीवरची मोटर चालूच राह्यली. "आलोच" म्हणून खाली रानात गेले. तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण आहात, त्यांचं "आलोच" किती लांब असतं ते तुम्हाला सांगायची गरज न्हाई. यंत्रानं आतली डोकी मोजली, सहा भरली, दार लागलं. नियम असा, की एकदा लागलेलं दार महिना संपेपर्यंत उघडायचं न्हाई. उघडलं की सगळे मेले असं धरायचं आणि सगळ्यांचं वर्षाचं काम बाद. कप्तान होती यशश्री म्हणून एक पोरगी, पुण्याची, डॉक्टर. तिनं माझ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, म्हणाली, राखीव आहेत, तपासलेल्या आहेत, चला. तुमचे भाऊ परत आले तेव्हा मी मंगळावर पोहोचले होते. याला ढकलणं म्हणत असाल तर म्हणा. पण मी त्यांना काचेतून पाहिलं, वन्सं. तेव्हा त्यांच्या तोंडावर जे सुख होतं ते आमच्या लग्नातही न्हवतं.

आता आत काय आराम होता तेही ऐका. अंगात घालायला तुमच्या भावाच्या मापाचा निळा पोशाख, त्याच्या बाह्या मी चार वेळा दुमडायची तेव्हा माझे हात सापडायचे. सकाळी उठलं की वजन, मंग पडद्यावर पाच चेहरे यायचे, हसऱ्यापासून रागावलेल्यापर्यंत, आणि आज तुमचं मन कसं आहे ते बोट लावून सांगायचं. मी रोज रागावलेल्याला बोट लावलं. थोड्या दिवसांनी कप्तान माझ्याजवळ येऊन बसली, हात हातात घेतला, म्हणाली, मावशी, काही त्रास होतोय का. म्हणलं, त्रास कशाचा, माझं तोंडच तसं आहे, तुम्ही पाचात मला दुसरं ठेवलं कुठं. पाणी तेच तेच. म्हणजे जे आपल्यातून जातं तेच यंत्रातून गाळून परत आपल्याकडं येतं. अद्वैत म्हणून यंत्रावरचा मुलगा होता, त्यानं हे मोठ्या कौतुकानं समजावून सांगितलं, त्यानंतर दोन दिवस मी चहाला शिवले न्हाई. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं तेव्हा घेतला. गरम चहात साखर पडली की तो कुठून आला हे कुणी विचारत न्हाई. जेवण म्हणजे पुड्या. पुडी फाडायची, गरम पाणी ओतायचं, फुगली तर पुलाव, न्हाई फुगली तर उपमा. तिखट नावालासुद्धा न्हाई, आणि खाणारी कोण, तर ज्या गावातून मिरचीच्या गाड्या भरभरून जातात त्या गावची बाई. (तुमच्या भावासाठी बांधलेल्या पिशवीत लाल तिखटाची पुडी होती म्हणून निभावलं. पहिल्या आठवड्यात कप्ताननं ती नियमात बसत न्हाई म्हणून काढून घेतली. दुसऱ्या आठवड्यात ती तिच्याच भातावर दिसली.)

मंगळावर म्हणे पाणी गोठून दगड होईल अशी थंडी. आणि इकडं वैशाखाचं ऊन, अंड्याचा पत्रा तापून वाजायचा. आम्ही घाम पुसत पुसत थंडीची नोंद करायचो. बाहेर जायचं तर कप्तानच्या हुकमानं, मागच्या दुहेरी दाराच्या खोलीतून, अंगात पांढरा जाड पोशाख, डोक्यावर काळ्या काचेचं रांजणाएवढं टोपडं, पाठीवर पंखा. आणि सगळ्यात मोठा नियम असा की मंगळावर माणूस न्हाई. दोरीपलीकडं गाव उभं राहून पाहत असलं, हाका मारत असलं, तरी आपल्याला दिसत न्हाई आणि ऐकू येत न्हाई. तुमच्या आई पहिल्याच दिवशी काठी टेकत वर आल्या आणि दोरीपाशी उभ्या राहून विचारायला लागल्या, की हरभऱ्याची डाळ कोणत्या डब्यात आहे. मला ऐकू आलं न्हाई. दुसऱ्यांदा विचारलं, तरी ऐकू आलं न्हाई. लग्न झाल्यापासून असं मला पहिल्यांदाच करता आलं, आणि तेही नियमात बसून.

पृथ्वी म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची खोली. तिथं मोनाली म्हणून एक पोरगी संगणकापुढं बसायची, आमचे निरोप घ्यायची, पृथ्वीचे द्यायची. आमच्या खिडकीतून पृथ्वीचे पत्रे दिसायचे. तिनं भजी तळली तर मंगळावर वास यायचा. पण बोलायचं म्हणलं, की निरोप जायला वीस मिनिटं आणि उत्तर यायला वीस, कारण खऱ्या मंगळावरून तेवढा वेळ लागतो म्हणे. माझ्यासारखीला हे काय झालं असेल ते तुम्हीच समजा. मला डाळ शिजेपर्यंत दम निघत न्हाई.

दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी मी खिडकीतून खाली पाहते, तर तुमचा चुलतभाऊ पुंजाराम ट्रॅक्टरनं नांगरट करून राह्यला. करू द्या, त्याचं रान आहे. पण नांगर आपल्या बांधापाशी आला आणि वळायच्या ऐवजी बांधातून गेला. दगड उपसून ओघळीत ढकलले, माती सपाट, जसं काही तिथं बांध न्हवताच. तुम्ही शेतकऱ्याच्या लेक आहात, तुम्हाला माहीत आहे बांध कोरणारा माणूस एकदम खात न्हाई, दरसाल नांगराची एक ओळ खातो, म्हणजे कुणाच्या डोळ्यावर येत न्हाई. यंदा त्यानं दोन दिवसांत पाच सालांचं खाल्लं. कारण त्याला बराबर माहीत होतं की चतुराबाई मंगळावर आहे आणि घरी तुमचे भाऊ आहेत, म्हणजे घरी कुणीच न्हाई. आणि गंमत काय, तर संस्थेनं बरडासोबत खालची पट्टीसुद्धा भाड्यानं घेतलेली, त्यांच्या नकाशावर मंगळाची हद्द म्हणजे आपला तोच बांध. म्हणजे पुंजाराम नुसता आपला बांध कोरत न्हवता, वन्सं. तो मंगळ कोरत होता.

दार उघडून धावत जावं तर सगळे मेले. टोपडं काढून ओरडावं तरी सगळे मेले. मी निरोप धाडला, की पुंजाराम बांध कोरून राह्यला, जल्दी जाऊन थांबवा. चाळीस मिनिटांनी तुमच्या भावाचं उत्तर आलं, जेवली का. मी धाडलं, जेवले, बांधावर जा. चाळीस मिनिटांनी उत्तर, काय जेवली. तोपर्यंत ट्रॅक्टर दोनदा जाऊन आला. दुसऱ्या दिवशी मी शहाणी झाले. त्यांची उत्तरं मला संसारभर पाठ आहेत, मंग ती यायची वाट कशाला पाहायची? एकाच निरोपात दोघांचं बोलणं मीच लिहिलं. बांधावर जा. तुम्ही म्हणाल ऊन आहे, तर टोपी घाला. तुम्ही म्हणाल तो आपलाच भाऊ आहे, तर म्हणूनच तो कोरतो. तुम्ही म्हणाल बघतो, तर बघू नका, जा. निरोप आधी कप्तान वाचायची. तिनं वाचला, परत वाचला, आणि दुसऱ्या दिवसापासून पृथ्वीला सगळ्यांनी असाच निरोप लिहायचा असा हुकूम काढला. आता संस्थेत त्याला चतुरा-निरोप म्हणतात, पुण्यात पोरांना शिकवून राह्यलेत. तुमचे भाऊ मात्र गेले, खोटं कशाला बोलू. पुंजारामानं त्यांना खाल्लेल्या बांधावरच बसवलं, चहा पाजला, तंबाखू दिली आणि सांगितलं, दादा, ट्रॅक्टर वळायला जागा लागते, तुम्ही तर समजदार माणूस. तुमचे भाऊ समजदार होऊन घरी आले.

मंग मी आतल्या माणसांकडं वळले. आमच्यात राधेश्याम होता, जालन्याचा, दगडमातीचा अभ्यास करणारा. त्यानं हद्दीपाशी लाल झेंड्या रोवून ठेवल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच नांगराखाली गेल्या. त्याला दिसत होतं कुणी गाडल्या ते, पण लिहायचं कसं? मंगळावर माणूस न्हाई, तर ट्रॅक्टर कुठला. पृथ्वीला कळवताना त्यानं लिहिलं, वारा. दुसऱ्या दिवशी लिहिलं, जोराचा वारा. म्हणलं, राधेश्याम, हा वारा माझ्या ओळखीचा आहे, त्याला मिशा आहेत. त्याचे डोळेच भरून आले. त्याच्या वडलांचा बदनापूरकडच्या रानात शेजाऱ्याशी बांधावरून दावा चालू आहे, हा आईच्या पोटात होता तेव्हापासून.

राह्यली कप्तान. ती फ्लॅटमध्ये वाढलेली. म्हणाली, मावशी, दोन-चार फुटांसाठी एवढं मनाला लावून घ्यायचं? राधेश्यामनं तोंड फिरवून घेतलं. मी शांतपणे विचारलं (खरंच शांतपणे, अद्वैत साक्षीला आहे), की तुमच्या इमारतीत तुझ्या गाडीच्या जागेवर कधी कुणी स्वतःची गाडी लावली का. पोरगी जेवता जेवता उभी राह्यली. तिच्या वरच्या मजल्यावर कुणी निवृत्त साहेब राहतात, ते रोज आपलं चाक तिच्या रेषेत घालतात, आधी अर्धं घातलं, मंग पूर्ण घातलं, विचारलं तर म्हणतात बेटा, वळायला जागा लागते. तिचा जो पट्टा सुरू झाला तो पुडीतला भात थंड होईपर्यंत. शेवटी चमचा आपटून म्हणाली, हद्द मोजायची. उद्याच.

दुसऱ्या दिवशी चौघं निघालो. पुढं कप्तान, मागं राधेश्याम तिपाई आणि दुर्बीण घेऊन, मंग अर्पिता म्हणून अंड्यात लावलेली मेथी सांभाळणारी मुलगी लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन, आणि शेवटी मी झेंड्या घेऊन. मोजणीवाले येतात तेव्हा जे जे सामान असतं ते सगळं. राधेश्याम दुर्बिणीतून पाहायचा, हात करायचा, आणि मी झेंडी रोवायची, जुन्या बांधाच्या रेषेवर, म्हणजे पुंजारामाच्या ताज्या नांगरटीच्या मधोमध. त्यानं ट्रॅक्टर बंद केला. उतरला.

"काय मोजून राह्यले, साहेब?"

कुणी बोललं न्हाई. मंगळावर माणूस न्हाई.

"चहा सांगू का? सरकारी मोजणी आहे का? साहेब? वहिनी, तुम्ही आहात का यात?"

चार काळ्या काचा, आत अंड्यातली माणसं आहेत का संस्थेनं बोलावलेले सरकारी मोजणीवाले, त्याला काय कळणार. मी त्याच्या चपलेला लागून झेंडी रोवली आणि त्याच्या आरपार पलीकडचा डोंगर पाहिला. वन्सं, या गावात साहेब लई आले. साहेब ओरडला तर हात जोडता येतात, बोलला तर बसवून चहा पाजता येतो, रुसला तर कुणाला तरी मधात घालता येतं. पण जो साहेब बोलत न्हाई, पाहत न्हाई, पाणीसुद्धा मागत न्हाई, त्याचं काय करायचं हे पुंजारामाला माहीत न्हवतं. आता तुम्ही म्हणाल चतुराबाई गप्प राह्यली? न्हाई राह्यली. टोपड्याच्या आत मी त्याच्या सात पिढ्या काढल्या (त्यात तीन तुमच्याही आल्या, भावकी म्हणल्यावर इलाज न्हाई). ते काचेबाहेर जात न्हवतं, पण टोपड्यातली बोलायची यंत्रं एकमेकांना जोडलेली, म्हणून बाकी तिघांच्या कानात बराबर जात होतं, आणि त्यांना ते बंद करता येईना. अर्पिताच्या हातून काठी दोनदा पडली. कप्तानचे खांदे गदगदा हलत होते, पुंजारामाला वाटलं मोठा साहेब संतापानं थरथरून राह्यला. (जेवताना तिनं मला तीन शब्दांचे अर्थ विचारले. दोन सांगितले.)

कुणीच बोलत न्हाई म्हणल्यावर पुंजारामच बोलायला लागला. की बांध पावसानं सरकला असेल. की ट्रॅक्टर चालवणारा नवीन होता (चालवणारा तोच होता). की खालच्या अंगाला गायरानात थोडं गेलं असेल साहेब, पण ते तर सगळ्यांचंच जातं. गायरानाचं आमच्यापैकी कुणाला स्वप्नातही न्हवतं. राधेश्यामनं काही केलं न्हाई, नुसती तिपाई उचलली आणि गायरानाच्या दिशेनं दोन पावलं पुढं नेऊन ठेवली. पुंजाराम खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रागावलेल्या चेहऱ्याला बोट लावून मी खिडकीत आले, तर पुंजाराम, त्याची बायको आणि त्याचा गडी, तिघं बांध घालून राह्यले. ओघळीतून एकेक दगड वर आणून, घामानं निथळत. आमच्या झेंड्यांकडं त्यानं वळूनसुद्धा पाहिलं न्हाई. दगड जिथल्या तिथं. कोपऱ्यावरचा तो खुणेचा पांढरा धोंडा, जो मला वाटलं कायमचा गेला, तोसुद्धा त्याच जागी, त्याच तोंडानं. नंतर राधेश्यामनं परत मोजलं तर आमच्या झेंड्या वीतभर चुकलेल्या निघाल्या, पुंजाराम बराबर निघाला. निघणारच. आपला बांध मुळात कुठं होता हे सगळ्या शिवारात त्याच्याइतकं कुणालाच माहीत न्हाई, खाल्ला त्यानंच. मी परत पडद्यापाशी गेले आणि पहिल्यांदा हसऱ्या चेहऱ्याला बोट लावलं. पृथ्वीवरून तातडीचा निरोप आला, की सहाव्या सदस्याची तब्येत ताबडतोब तपासा.

महिना भरला तेव्हा दार उघडलं, आणि वन्सं, ते पाहायला तुम्ही पाहिजे होत्या. सगळं गाव बरडावर. बँड तोच, पण या बारीला हार माझ्या गळ्यात, आणि तो घातला तुमच्या भावानं, चारचौघांत, लाजत लाजत. संस्थेचे मोठे साहेब माइकवर म्हणाले, की आजवर दुसऱ्या ठिकाणी जितक्या तुकड्या आत गेल्या तितक्या एकमेकांचं तोंड न पाहता बाहेर आल्या, हीच एक अशी की सहाच्या सहा एका विचारानं बाहेर आली, याचं गुपित काय. कप्तान म्हणाली, आम्हाला सगळ्यांना मिळून एक ध्येय सापडलं. आमचं ध्येय तेव्हा शेवटून दुसऱ्या रांगेत, तापातून उठलेलं, कानाला मफलर गुंडाळून उभं होतं. टाळ्या त्यानंही वाजवल्या. मला माइक दिला तेव्हा मी एवढंच म्हणलं, की मंगळ जसा घेतला तसा परत दिला, बोटभर कमी न्हाई. गावातल्या शेतकऱ्यांना ते बराबर कळलं, अर्धा मांडव पुंजारामाकडं वळून पाहायला लागला.

तर असं आहे सगळं. ढकललं न्हाई, बळकावलं न्हाई, कुणाला धसका दिला न्हाई, शब्दसुद्धा बोलले न्हाई. आता हे मंठ्याच्या बाजारात सांगा, बांगडीवालीपासून सुरुवात करा, म्हणजे क्रम चुकणार न्हाई. दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. पायाला तिळाचं तेल चोळा.

तुमची भावजय
चतुराबाई

ता.क. खरं काम लिहायचं राह्यलंच. दसरा झाला की इथं पुढची तुकडी आत जाणार, या बारीला चार महिने, आणि यशश्रीनं हट्ट धरून मला उपकप्तान केलं. बरडावरचीच जागा, तोच बांध. पण पुंजाराम आता फसायचा न्हाई. त्याच्या लेकानं त्याला फोनवर दाखवलं की ते साहेब न्हवते, अंड्यातलीच माणसं होती. परवा मला रस्त्यात भेटला, लई गोड आवाजात विचारलं, वहिनी, परत कधी निघता मंगळावर. मला तो गोडवा बिलकुल आवडला न्हाई. तुमचे भाऊ बांधावर बसवले तर ते परत समजदार होतील. म्हणून चार महिने तुम्ही इथं या. पुंजारामाची आई जिवंत होती तेव्हा तिनंच मला सांगितल्तं, की सोनूची हाक ऐकली की आमचं पोरगं भरल्या ताटावरून उठून माळ्यावर जाऊन बसायचं. जो आवाज तुम्ही बाजारात माझ्यावर वाया घालवून राह्यल्या तो इथं पाहिजे. आणि फुकट न्हाई म्हणत, सातबाऱ्यावर तुमचंही नाव आहे. ते तुम्ही सोडलं न्हाई आणि मी कधी सोडा म्हणले न्हाई. म्हणजे तो जेवढं खाईल त्यात तुमचाही घास आहे. राखीला तो साडी देतो ती जरूर घ्या, पण बांधावर बसून घ्या.

ता.क. दुसरं. तुमच्या आईला विचारलं, की सोनूबाईंना चार महिने बोलावू का. त्या म्हणाल्या, मंगळावर आणखी एक खाट बसते का ते विचार. मनावर घेऊ नका. मी संस्थेला विचारून पाहिलं, वयात बसत न्हाईत.

ता.क. तिसरं. शनिवारी दुपारी कचरू गाडी रिकामी करून तुमच्या दारावरून परत निघतो. उत्तर त्याच्या हातात द्या, लिहून, आणि हो किंवा न्हाई एवढंच. रविवारी मला संस्थेला कळवायचं आहे, आणि मी जाणारच आहे, त्यात विचारायचं काही न्हाई. बांधावर कोण, तेवढं शनिवारपर्यंत पाहिजे.